भिंतीवरचं पंचांग आणि अंदमानचा समुद्र

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि तेव्हापासून हे गाव घड्याळाच्या तालावर चालत आलं आहे. फर्स्ट, सेकंड, नाइट. घरात कुणी कधी झोपायचं, डबा किती वाजता तयार हवा, पाहुण्यांना कुठल्या दिवशी बोलवायचं, सगळं शिफ्ट पाहून ठरतं. भट्टी माणसांच्या सोयीने थांबत नाही, माणसांनीच तिच्या वेळा सांभाळायच्या, हे टाउनशिपमधल्या शाळकरी मुलालाही समजावून सांगावं लागत नाही. पण हीच कुटुंबं अंदमानच्या सहलीचा बेत आखायला बसतात तेव्हा हातात वेळापत्रक नसतं, यादी असते. स्नॉर्कलिंग, स्कूबा, सी-वॉक, काचेच्या तळाची बोट, जेट-स्की, राधानगरचा सूर्यास्त, बाराटांगच्या गुहा. एजंट पाच दिवसांत हे सगळं कुठेतरी बसवून देतो, आणि समुद्र त्या खणांमध्ये मावेल असं गृहीत धरलं जातं. माझं म्हणणं असं की बेटावर काय करायचं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कधी करायचं हा, आणि त्याचं उत्तर देण्याची साधनं भिलाईच्या कुठल्याही मराठी घराच्या भिंतीवर टांगलेली असतात.

समुद्र भिलाईपासून लांब आहे. दुर्गहून विशाखापट्टणमला रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. तरी तो अगदी परका नाही. दुर्गजवळून वाहणारी शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी बंगालच्या उपसागराला. त्याच उपसागराच्या पल्याड अंदमान आहे. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी लागलेल्या खास पोलादातला वाटा भिलाईच्या कारखान्यातून गेला होता. नातं आहे, पण सवय नाही. इथल्या माणसाची पाण्याशी ओळख होते ती तलावावर आणि धरणावर. बालोदजवळचं तांदुला, धमतरीजवळचं गंगरेल. गंगरेलला आता बोटी आहेत, जलक्रीडा आहेत, सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. पण धरणाचं पाणी महिन्यांच्या हिशेबाने चढतं-उतरतं. पावसाळ्यात भरतं, कालव्यांतून सुटत उन्हाळ्यात खाली जातं. सकाळी बोट जिथे काठाला लागली तिथेच ती संध्याकाळी लागते. समुद्राची पातळी मात्र सहा तासांत बदलते. धरणावर तयार झालेली नजर घेऊन माणूस बेटावर जातो आणि सकाळी पाहिलेला किनारा दुपारी सापडत नाही म्हणून गोंधळतो. पाणी ओसरून खडक उघडे पडलेले दिसले की ‘फोटोत वेगळं होतं’ अशी तक्रार करतो. फोटो खोटा नसतो, तो दुसऱ्या वेळी काढलेला असतो.

सुरुवात सूर्यापासून करू. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि भिलाई त्या रेषेपासून जेमतेम एक अंश पश्चिमेला आहे. म्हणजे घड्याळ आणि सूर्य यांचा जितका मेळ भिलाईत बसतो तितका देशातल्या फार थोड्या शहरांत बसत असेल. मुंबईकराला सूर्य उशिरा मावळण्याची सवय असते, कोलकातावाल्याला लवकर. भिलाईकराला घड्याळ म्हणजेच सूर्य वाटतो. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, भिलाईच्या अकराएक अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथला सूर्य पाऊण तास पुढे चालतो, पण घड्याळ तेच राहतं. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. रात्री उशिरा झोपून सकाळी नऊला नाश्त्याला येणाऱ्या कुटुंबाने दिवसाचे तीन तास आधीच गमावलेले असतात, आणि दुपारी जेवून, वामकुक्षी घेऊन ते किनाऱ्यावर पोचतं तोवर उजेड परतायला निघालेला असतो. पाण्याखाली तर उजेड आणखी लवकर कमी होतो, कारण सूर्य कलला की त्याचे अधिक किरण पृष्ठभागावरूनच परावर्तित होतात आणि आतले रंग मावळतात. प्रवाळ पाहायचे ते सकाळी आठ ते दुपारी दोनच्या दरम्यान. लवकर येणारा अंधारही वाया जात नाही. सेल्युलर जेलमधला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम अंधारातच होतो, आणि सावरकरांनी १९११ ते १९२१ ही वर्षं ज्या वास्तूत काढली ती पाहिल्याशिवाय मराठी माणूस अंदमानहून परतत नाही.

सूर्याहून महत्त्वाचा चंद्र. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते हे शाळेत शिकवतात, पण ती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते हे सहलीला निघताना कुणी सांगत नाही. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून पृथ्वीला त्याच्यासमोर पुन्हा यायला चोवीस तासांवर तेवढा वेळ जास्त लागतो. थोडक्यात, समुद्राच्याही पाळ्या असतात, फक्त त्या रोज सरकतात. आज सकाळी आठला भरती असेल तर चार दिवसांनी ती अकराच्या पुढे जाते, आणि शेजाऱ्यांनी गेल्या आठवड्यात ‘आठला जा, सुंदर पाणी असतं’ म्हणून दिलेला सल्ला या आठवड्यात चुकीचा ठरतो. पाणी किती चढणार-उतरणार हेही ठरलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांगाची भरती, मवाळ. अंदमानात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, भांगाला तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. कोकणातले मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे गणित कोकण किनाऱ्याचं आहे, अंदमानात वेळ वेगळी येते, ती तिथल्या भरतीच्या तक्त्यात पाहावी लागते. पण उधाण कधी आणि भांग कधी हे तिथीवरून दोन्हीकडे सारखंच कळतं. एकादशीच्या उपासासाठी आणि संकष्टीच्या चंद्रोदयासाठी आपण जे पान पाहतो, त्याच पानावर समुद्राचं शिफ्ट-चार्ट छापलेलं आहे.

त्याचा उपयोग कसा करायचा हे प्रत्यक्ष किनाऱ्यांवर पाहू. हॅवलॉक, आताचं स्वराज द्वीप, याचा पश्चिमेचा राधानगर किनारा वाळूचा आणि उतरता आहे. तिथे भरती असो की ओहोटी, डुंबायला पाणी मिळतं. पूर्वेकडच्या गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला मात्र ओहोटीला पाणी लांब मागे सरतं आणि खडकाळ, प्रवाळाने भरलेला सपाट तळ उघडा पडतो. पोहायला आलेला माणूस तिथे हिरमुसतो, पण सूर्य उगवताना तिथे काठाकाठाने चालायला आलेला माणूस खूश होतो. नीलवर, म्हणजे शहीद द्वीपावर, लक्ष्मणपूरजवळ दगडाची नैसर्गिक कमान आहे. भरतीच्या वेळी पोचलेला पर्यटक ती लांबून पाहून फोटो काढतो आणि ‘एवढंच?’ म्हणून परततो. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, आणि खरी मौज कमानीत नसून वाटेत आहे. खडकांमधल्या डबक्यांत समुद्रकाकड्या असतात, तारामासे, खेकडे, ओहोटीत मागे राहिलेले इवलेसे रंगीत मासे. स्थानिक वाटाड्या बरोबर असेल तर तास कसा गेला कळत नाही, आणि पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही समुद्रातलं जीवन पाण्यात न उतरता पाहता येतं. यासाठी उधाणाची ओहोटी सर्वांत उत्तम, कारण तेव्हा पाणी सर्वांत मागे जातं. स्नॉर्कलिंगचं नेमकं उलट. उधाणाच्या दिवसांत पाणी चढता-उतरताना जोराने वाहतं, तळ ढवळून निघतो, आणि ओहोटीला उथळ प्रवाळावरून तरंगताना पोट आणि गुडघे घासतात. नवख्याने स्नॉर्कलिंगसाठी अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस धरावेत आणि त्यातही भरती पूर्ण झाल्यावर पाणी थबकतं तो वेळ साधावा. तिथी वाईट अशी नसतेच. एका तिथीचं काम दुसऱ्या तिथीला करायला गेलं की बिघडतं.

पर्यटकाचे गुडघे घासले तर औषध लावता येतं. प्रवाळाचं तसं नाही. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती लहान प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हातून अन्न बनवतं आणि प्राण्याला पोसतं. मोठे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे ज्याच्यावर कुणी क्षणभर उभं राहून मास्क नीट केला, ते ढेकूळ कदाचित भिलाईच्या कारखान्याहून जुनं असतं. त्याच्या डोक्यावर पाणी किती असावं याचाही काटेकोर हिशेब आहे. डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर उचलला गेला आणि तिथले उथळ प्रवाळ पाण्याबाहेर राहून मेले. त्याच भूकंपात निकोबारच्या दक्षिण टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला. एका मीटरने जिथे जगण्या-मरण्याचा फरक पडतो, तिथे ओहोटीला माणसांनी भरलेली बोट उथळ प्रवाळावर नेणं आणि भरतीला नेणं या एकसारख्या गोष्टी नाहीत. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी काही आठवडे तापलेलं राहिलं तरी प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. पाणी सर्वांत तापतं ते एप्रिल-मे महिन्यांत, नेमकं शाळांना सुट्ट्या लागतात तेव्हा. उन्हाळ्यात जाऊच नये असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसांत प्रवाळ आजारी माणसासारखा असतो एवढं लक्षात ठेवून पाण्यात उतरावं. तळाला पाय टेकायचा नाही, हात लावायचा नाही, उन्हासाठी मलमाचे थर लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालायचा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणू नये, हे तर कायद्यानेच सांगितलं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाइतकंच वरचं स्थान आहे आणि विमानतळावर सामानातून असे तुकडे काढून घेतले जातात.

ऋतूचा हिशेब मराठी वाचकाला खरं तर पाठ असायला हवा. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रांत ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी येते आणि उन्हाने करपलेलं अख्खं छत्तीसगड आणि विदर्भ ती वाचून सुखावतं. त्याच बातमीचा अंदमानच्या पर्यटकासाठी अर्थ असा, की आता बेटाबेटांमधल्या फेऱ्या रद्द होऊ शकतात आणि समुद्र खवळलेला असेल. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ. जानेवारी ते एप्रिल सर्वांत शांत. वारा ज्या बाजूने असेल त्याच्या विरुद्ध बाजूचा किनारा निवांत राहतो, म्हणून नैर्ऋत्येच्या वाऱ्यात पूर्वेकडचे किनारे बरे आणि ईशान्येच्या वाऱ्यात पश्चिमेकडचे. ऋतूच्या कडेवर खेळणं किती महाग पडतं याचं उदाहरण कोकणात आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यासाठी मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलक्रीडा बंद ठेवतात. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे हंगाम संपता संपता, मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नौका बुडाली आणि दोघांचा जीव गेला. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत घाई असते, समुद्र मात्र तोवर बदलू लागलेला असतो.

स्कूबाला शरीराचंही घड्याळ पाळावं लागतं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो. पाण्याखाली श्वासातून शरीरात शिरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि तो पुरता बाहेर पडण्याआधी विमानात बसलं, की कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊन सांधे आणि मज्जासंस्थेला धोका पोचू शकतो. एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि एकाहून जास्त बुड्या मारल्या तर किमान अठरा तास विमान टाळावं, असा प्रचलित नियम आहे. भिलाईहून गेलेल्यांना परतायला विमानच गाठायचं असतं, त्यामुळे ‘शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा, दुपारी फ्लाइट’ असा कार्यक्रम कुणी देत असेल तर तो सरळ नाकारावा. सर्दी झालेल्याने, दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुडी घेऊ नये, कारण सर्दीत कानातला दाब जुळवता आला नाही तर पडदा फाटू शकतो. आणि जे महिन्याभराच्या सरावात जमतं ते इथूनच शिकून जावं. तलावात चार दिवस चेहरा पाण्यात बुडवून तोंडाने श्वास घ्यायची सवय केली तरी स्नॉर्कल लावताना होणारी घाबरगुंडी निम्मी होते.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. एक असा की पर्यटकाच्या हातात काही नसतं, बोट कधी सुटणार हे तिथले लोक ठरवतात. काही अंशी खरं. पण एजंटाला ‘त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे?’ एवढं विचारणारा ग्राहक आला की दिवसांची अदलाबदल होते, नीलचा दिवस आधी आणि हॅवलॉकचा नंतर, यात कुणाचा पैसाही जात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पर्यटक वेळ-काळ पाहून येऊ लागले तर बेटावरच्या बोटवाल्यांनी, दुकानदारांनी उरलेले दिवस खायचं काय? याचं उत्तर अंदमाननेच देऊन ठेवलं आहे. वांडूरजवळ १९८३ पासून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आळीपाळीने उघडतात, एक चालू असताना दुसऱ्याला सुट्टी. तिथे प्लॅस्टिक नेता येत नाही. पर्यटकांची फेरी चालू राहते, बोटवाल्याचा रोजगार चालू राहतो आणि प्रवाळाला वीकली ऑफ मिळतो. असं न करता सगळे सगळीकडे सगळा काळ जात राहिले, की पुढे काय होतं ते थायलंडच्या माया बेने दाखवलं. गर्दीने तिथले प्रवाळ इतके उद्ध्वस्त झाले की जून २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला, तो जानेवारी २०२२ मध्ये उघडला. त्या साडेतीन वर्षांत शार्क परतले, पण पर्यटकांकडून त्या किनाऱ्यावर मिळणारी कमाई थांबली होती. उपजीविकेची काळजी असणाऱ्यांनीच आळीपाळीचा आग्रह धरायला हवा.

काही गोष्टींना मात्र योग्य वेळ नसते. राधानगरच्या टोकाला, वांडूरला आणि इतरत्र खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या इशाऱ्याच्या पाट्या आहेत. २०१० साली हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला. तिथे जाळी लावलेल्या, पहारा असलेल्या भागाबाहेर पाण्यात उतरायचंच नाही, भरतीला नाही आणि ओहोटीलाही नाही. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव वनातून जातो. तिथे गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला, फोटो काढायला, खायला देण्याला मनाई आहे. माणसांना ‘प्रेक्षणीय’ मानून काचेतून पाहत जाणं मला मुळातच पटत नाही. समुद्रमार्गे बोट मिळत असेल तर त्या मार्गाने जावं, नसेल तर गुहा सोडून द्याव्यात. शेवटी तिवरांच्या खाडीतून बोटीने फिरण्याची मजा अंदमानात दुसरीकडेही मिळते.

उरला सगळ्यांत व्यवहारी आक्षेप: सुट्ट्या आपल्या हातात नसतात. कारखान्यात रजा मिळते तेव्हा मिळते, मुलांच्या शाळा दिवाळीत बंद असतात, आणि दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे ऐन उधाण. मग काय घरी बसायचं? मुळीच नाही. लक्ष्मीपूजनानंतर आठवड्याने कार्तिक शुद्ध अष्टमी येते. भाऊबीज उरकून निघालं, तर स्नॉर्कलिंगचा दिवस भांगाच्या भरतीवर आपोआप येऊन पडतो. आणि सण बेटावरच काढायचा ठरवला, तरी त्या दोन-तीन दिवसांचं काम वेगळं आहे. उधाणाच्या ओहोटीला नीलच्या खडकांत चालायचं, सकाळी राधानगरला डुंबायचं, आणि पाऊस नसेल तर रात्री हॅवलॉकच्या तिवरांजवळ कयाकमधून फिरायचं. तिथल्या पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की निळसर चमकतात, वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी उजेडाची रेघ उमटते आणि विझते. पौर्णिमेच्या चांदण्यात तो उजेड दिसत नाही. त्याला आकाश काळंकुट्ट लागतं, दिवाळीच्या अमावास्येची रात्र असते तितकं काळं.